झिरो कोणी केलं?

पाकीट माझ्या हातातच फुटलं. चिवडा टेबलावर सांडला. सेठ म्हणाले, सकाळपासून हेच चाललंय, पाकिटं सील करणाऱ्या अशपाकला आज काढूनच टाकतो. अशपाक मशीनमागे मान खाली घालून उभा होता.

शेलूबाजारजवळचं हे पॅकिंग युनिट. चिवडा खवट होऊ नये म्हणून पाकिटात नायट्रोजन भरतात. तो किती सोडायचा हे मास फ्लो कंट्रोलर नावाचं उपकरण ठरवतं. मी त्याच उपकरणांची सर्व्हिस इंजिनिअर, मूळची मेडशीची. गेटवरच इंगोले सर भेटले होते. आयटीआयमध्ये मला त्यांनी शिकवलं. रिटायर झाल्यावर ते इथे मेन्टेनन्स बघतात. ‘माही विद्यार्थिनी’ असं त्यांनी वॉचमनपासून सेठपर्यंत सगळ्यांना सांगितलं.

आधी पाकिटांचं सीलिंग तपासलं. ते ठीक होतं. मग कंट्रोलर पर्ज केला, म्हणजे कोरडा नायट्रोजन सोडून आतली हवा आणि ओल बाहेर काढली. दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद केले. गॅस थांबला की आकडा शून्य यायला हवा. आला वजा.

काट्यावर पिशवी ठेवून काटा शून्य केला, तर पिशवी उचलल्यावर तो वजा दाखवतो. इथेही तसंच. गॅस वाहत असताना कोणीतरी झिरो केलं होतं. तेवढा गॅस कंट्रोलर मोजतच नव्हता. म्हणून पाकिटं फुगून फुटत होती.

गॅस आला कुठून, तेही बघितलं. पुढचा वॉल्व्ह उघडून नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात धरलं. गॅस जिथून येतो तो मागचा वॉल्व्ह बंद असूनही बुडबुडे येत राहिले. वॉल्व्ह आतून गळत होता. अशा वेळी झिरो करताना पुढचाही बंद करावा लागतो.

म्हणजे अशपाकची चूक नाही ना, असं सेठनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते आवडत होतं.

“त्याची नाही. पण हे झिरो कोनं केलं? आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालेबी एवढं समजते.”

मग इंगोले सर म्हणाले, “म्या केलं, प्रज्ञा. त्या पहिल्या वर्षी तुले शिकवलंबी म्याच.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मागचा वॉल्व्ह बंद केला आणि पुढचा राहून गेला, एवढंच त्यांनी सांगितलं. मला वर बघवेना. मी दोन्ही वॉल्व्ह बंद करून पुन्हा झिरो केलं. बुडबुड्यांचा ग्लास सरांनीच उचलून बाजूला ठेवला.

पाकिटं नीट यायला लागली. अशपाकची नोकरी राहिली. सेठ मात्र सरांना सगळ्यांसमोर म्हणाले की आजपासून तुम्ही या मशीनला हात लावायचा नाही, मॅडम येत जातील. सर ‘बरं’ म्हणाले. गळक्या वॉल्व्हनं कोणीही फसतं, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द जुळवेपर्यंत सेठ फोनवर गेले होते.

निघताना सरांनी चहा मागवला. आईची तब्येत विचारली. मी कपाकडे बघूनच उत्तरं दिली.

झिरो करताना दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद करावेत आणि बंद केलेल्या वॉल्व्हवरही विश्वास ठेवू नये. आता साइटवर मी काय झालं तेवढंच विचारते. कोणी केलं, यासाठी आमच्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये रकानाच नाही.