कुमुदने अडवलेली शेळी

पळस्प्याच्या कुमुद घरतला शेळीच्या पोटाला हात लावून आत पिल्लू आहे की नुसता पाला, हे सांगता येतं. ही विद्या तिला सासूने दिली. ठमाबाईंच्या दारात सदा दहा-बारा शेळ्या असायच्या. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा त्यांनी सुनेला गोठ्यात नेलं आणि म्हणाल्या, "डोले मिट नि हातानं बघ."

पुढे कुमुद जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून लागली. गेली सोळा वर्षं कत्तलखान्यातल्या सकाळच्या तपासणीला डॉक्टरांसोबत तीच जाते. गाभण जनावर कापायचं नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादीही नाही, असा कायदा आहे. दाखल्यावर सही डॉक्टरांची असते, पोटं चाचपायचं काम कुमुदचं.

गेल्या माघात सत्यजीत नावाचे तरुण डॉक्टर नव्याने आले. दुसऱ्याच दिवशी अब्दुल मुक्रींचा टेम्पो आला. अब्दुलभाई पनवेलातले जुने मटणवाले. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी चौदा शेळ्या-बोकड आणले होते. डॉक्टरांनी डोळे, तोंड, खूर पाहिले आणि सहीसाठी पेन काढलं. कुमुद मात्र एका काळ्या शेळीपाशी अजून वाकलेलीच होती.

"सर, ही गाभण हाय."

"विकणाऱ्याने भाकड म्हणून लिहून दिलंय," डॉक्टर म्हणाले. "चाऱ्याने फुगलं असेल पोट."

"चारा डावीकडं असतो, सर. माझा हात उजवीकडं हाय."

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. चारचौघांत साहेबांना असं अडवणं कुमुदलाच अवघड वाटत होतं. पण तिने हात काही काढला नाही.

"ताई, परवा लग्न आहे," अब्दुलभाई अजिजीने म्हणाले. "नीट बघा हां."

"नीटच बघते, भाई. मला तर दोन लागतायत हाताला."

डॉक्टर तिच्या शेजारी उकिडवे बसले. "कुठे दाबायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"दाबू नका. खालून हलकेच वर लोटा नि थांबा."

त्यांनी लोटलं. आतलं काहीतरी टणक दूर सरकलं आणि परत येऊन त्यांच्या बोटांवर टेकलं. डॉक्टरांचा चेहरा एकदम खुलला. "मी हे नेहमी मशीनवरच पाहिलं होतं," ते म्हणाले आणि त्यांनी दाखल्यावर चौदाचे तेरा केले.

अब्दुलभाईंनी कपाळाला हात लावला. "गाभण जनावरावर सुरी नाय चालवायची, असं आमचे अब्बा सांगायचे. आणि माझ्याच नजरेतून निसटलं बघा. बरं झालं, ताई, तुम्ही धरलंत."

शेळी त्यांच्या बहिणीच्या, सायराच्या, अंगणात बांधली गेली. लग्नाला आलेली पोरंबाळं नवरी सोडून तिच्याभोवतीच जमली. दीड महिन्याने अब्दुलभाईंचा फोन आला. "ताई, दोन नाय, तीन झाली."

रविवारी कुमुद आणि डॉक्टर करडं बघायला गेले. सायराने तांदळाची वाफवलेली गरम सांदणं पुढे ठेवली. डॉक्टर ओट्यावर बसतात न बसतात तोच दोन करडं त्यांच्या पाठीवर चढली. तिसरं इवलंसं होतं, धक्काबुक्कीत मागे पडायचं. कुमुदने त्याला उचललं आणि शेळीच्या सडाला लावलं. शेपटी हलवत ते चुरूचुरू पिऊ लागलं. त्याचं पोट भरेपर्यंत ती तिथून उठली नाही.