भावजी, हात काढा

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा गेला आणि पाठोपाठ गाडीचं इंजिन गळायला लागलं. दिरानं परस्पर भंगारवाला ठरवून टाकला. "रविवारपर्यंत सुरू झाली नाही, तर खुशाल न्या," असं हिनं दिराला तोंडावर सांगितलं.

रविवारी ही अंगणात इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवून बोल्ट आवळत होती. आधी मधले, मग आलटूनपालटून दोन्ही बाजूंचे, प्रत्येक थोडाथोडाच. सगळे झाले की पुन्हा मधून सुरुवात. ठरलेला जोर लागला की हिचा पाना कट्‌ वाजतो. वाजला की थांबायचं.

दीर लोखंडी नळी घेऊन हजर. बाईनं पाना धरला की पुरुषांना शिकवायची उबळ का येते, देव जाणे.

"वहिनी, तुमच्या मनगटात कुठला जोर? पान्याला नळी लावून एकेक कचकचून आवळतो."

"भावजी, हात काढा. जास्त आवळला तर बोल्ट तुटेल, आणि एकच कोपरा आधी आवळला तर हेड वाकडं बसेल. जोर उतू जात असेल तर ती पाण्याची टाकी गच्चीवर चढवा."

तो माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही तरी समजवा हिला."

"मी कशाला? मला तिचं पटतंय."

बाकीचं जोडून, ऑइल-पाणी भरून दुपारी हिनं किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. हेडच्या कडेला एक थेंब नव्हता. भंगारवाला फाटकासमोर टेम्पो आडवा लावून उभाच होता. हिनं काच खाली करून हॉर्न दाबला.

"टेम्पो काढा दादा, मला बाहेर जायचंय."