मुहर्रकच्या अंगणात फुललेला मोगरा

मी बहरीनला निघाले त्या पहाटे बाबा वाडीत मोगरा खुडत होते. दारात टॅक्सी उभी, आई डोळे पुसतेय आणि हे मात्र कपाळाला बॅटरी बांधून झाडांच्या ओळीत वाकलेले. निरोप घ्यायला मलाच चिखलातून जावं लागलं. "जा बाय, सांभाळून राहा. फुलांचा टेम्पो येईल एवढ्यात," म्हणाले आणि पुन्हा वाकले. विमानात मी रडले ते अर्धं रागानेच.

वसईतल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला काय सांगायचं? मोगरा फुलला की मातीमोल, बाजारात कळीच पोचायला हवी. फुलांच्या वाडीत वाढूनही आमच्या झाडावर फुललेलं फूल मला आठवत नाही. पाहुण्यांना हे खोटं वाटायचं.

इथे मी हॉस्पिटलात नर्स आहे. मुहर्रक शहरातल्या आमच्या जुन्या घराला बोटभर अंगण आहे, त्यात पिटुनिया, बोगनवेल आणि शेजारच्या बहरिनी आजींनी दिलेला मोगरा. इथल्या बायकाही तो केसांत माळतात. फेब्रुवारी सरता सरता इथली हवा इतकी मऊ होते की संध्याकाळी अंगणातून उठवत नाही. उजेड पिवळसर होतो आणि एक इवलासा जीव फुलासमोर हवेतच थबकतो, लांब सोंड आत घालतो, पंख तर दिसतही नाहीत. माझी लेक रिया त्याला हमिंगबर्ड म्हणते. तो पतंग आहे, हे मला माहीत आहे. पण सांगून कुणाचं भलं होणार?

आई गेल्यावर यंदा पहिल्यांदाच बाबा आले, व्हिजिट व्हिसावर. तिकडे ते एकटेच, म्हणून इथेच राहावं अशी माझी फार इच्छा होती. पण त्यांचा रोजचा प्रश्न एकच, "परतीचं तिकीट कधीचं?" तो ऐकला की मी विषय बदलायचे.

एका सकाळी शिफ्ट संपवून आले तर झाड बोडकं आणि ओट्यावर वाटीभर कळ्या.

"बाबा, टेम्पो कधी येणार?" मी चिडवलं.

"हात गेला गं," ते ओशाळून म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात गेला, तिसऱ्याही.

त्या दुपारी ईसा टाउनच्या शाळेची बस रियाला सोडून गेली आणि ती तडक आजोबांसमोर उभी राहिली. "आजोबा, माय हमिंगबर्ड इज हंग्री! डोन्ट पिक देम!" मराठी तिला सगळं कळतं, तोंडातून मात्र इंग्रजीच येते. ती काय म्हणते, ते मी बाबांना सांगितलं.

त्यानंतरच्या पहाटे ते अंगणात गेले, पण हात काखेत दाबून नुसते बसून राहिले. कळ्या झाडावरच राहिल्या. संध्याकाळी त्या हळूहळू उमलू लागल्या. आधी कळलंच नाही, मग एकदम सगळं झाड पांढरं दिसलं. वास भिंतीपलीकडे गेला. पतंग आला, रिया श्वास रोखून बसली. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"झाडावर हा असा दिसतो होय?" ते म्हणाले. जन्म मोगऱ्यात गेलेला माणूस! थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या आईला दाखवायला हवा होता."

मला रडू आवरेना. ते झाडाकडेच पाहत होते. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "व्हिसा वाढवून मिळतो काय गं?"

"इंशाल्ला," मी म्हटलं. इथे राहून तोंडात तेच बसलंय.

इतकी वर्षं मी सांगत आले की घर वसईला, इथे नुसती नोकरी. तुमच्यातल्या गाव सोडून गेलेल्यांनीही हेच सांगितलं असेल. आता कुणी विचारलं तर माझा जीव जरा घुटमळतो. वाडीवर माझी माया आहेच, ती जायची नाही. पण तिथे बाबा माझ्याजवळ असे निवांत कधी बसले नव्हते. इथे बसले.