न वाचता सुचवलेले पुस्तक

दुपारच्या उन्हातून त्या दुकानात पाऊल टाकले की क्षणभर डोळ्यांना काहीच दिसत नाही; आधी भेटतो तो गंध. कोऱ्या कागदाचा, खळीचा, आणि मागच्या मांडणीवरच्या जुन्या मराठी पुस्तकांचा, थोडा कुबट, थोडा गोडसर. देवासमधले हे दुकान खरे तर स्पर्धा परीक्षांच्या हिंदी पुस्तकांवर चालते. मराठीची एक मांडणी मालकाने आमच्यासारख्यांच्या लोभाखातर राखली आहे. दर रविवारी आम्ही चार-पाच म्हातारी माणसे तिथे जमतो आणि आल्यागेल्याला आपल्या आवडीची कादंबरी, आपल्या आवडीचा इतिहास सुचवतो. स्वतःला लाभलेले सुख दुसऱ्याच्या हाती द्यावे, याहून निरागस हौस कोणती असेल?

मी निवृत्त शिक्षक, म्हणून इतिहास माझ्याकडे. माळव्यातल्या मराठ्यांवरचा एक जाडजूड ग्रंथ मी वर्षानुवर्षे सुचवत आलो. मात्र एक गोष्ट मी तिथे कोणाला सांगितली नव्हती. पत्नी गेल्यापासूनच्या चार वर्षांत मी एकही पुस्तक पुरते वाचले नव्हते. पाने उघडत, ओळींवरून दृष्टी फिरे, आणि मन कुठेच पोहोचत नसे. थकवा देहाचा असता तर झोपेने उतरला असता. हा थकवा जिज्ञासेलाच आलेला होता. तरीही रविवारी तेच शब्द मी त्याच आवेशाने उच्चारत असे. विझलेल्या चुलीपुढे बसून लोकांना शेकायला बोलवावे, तसे ते होते.

होळीनंतरच्या एका रविवारी मालकाने एका तरुणीला माझ्याकडे आणले. "सर, या धारच्या आहेत. इथे दवाखान्यात नर्स आहेत. यांना काही चांगलं बता द्या ना."

ती संकोचून म्हणाली, "काका, माझे बाबा मांडूजवळ नालछ्याला मास्तर होते. आता त्यांना दिसत नाही. सुट्टीला घरी गेले की त्यांना मराठी वाचून दाखवायचंय. बोलते मी बरोबर, पण शाळा हिंदीतली ना, पढताना अटकते."

शेजारी बसलेल्या कुसुमताईंनी एक छोटी, सोपी कादंबरी पुढे केली. मी ती बाजूला सारली. "बाबा मास्तर होते ना? मग हेच न्या," म्हणून माझा ग्रंथ तिच्या हाती ठेवला. अडखळणाऱ्या मुलीला त्यातली समासांनी लगडलेली वाक्ये पेलतील का, एवढाही विचार मला शिवला नाही.

महिन्याभराने ती परत आली. "काका, चाळीस पानं झाली. पण बाबांनी निरोप दिलाय. श्रावणात मांडूच्या कड्यावरून नर्मदा दिसते, असं त्यात लिहिलंय. ते चूक आहे म्हणतात. श्रावणात तिथे ढग उतरतात, समोरचा माणूस दिसत नाही. नदी दिसते ती थंडीत, सकाळच्या पहरी. शाळेची मुलं घेऊन ते दर साली जायचे. सरांनी हे कसं चालवून घेतलं, असं विचारलंय त्यांनी."

तिच्या स्वरात आरोपाचा लवलेशही नव्हता. छपाईची चूक म्हणून मला सुटता आले असते. पण त्या क्षणी खोटे बोलण्याचेही त्राण उरले नव्हते. मी म्हणालो, "ते पुस्तक मी कित्येक वर्षांत उघडलेलं नाही, बेटा. खरं म्हणजे हल्ली मी काहीच वाचत नाही."

गठ्ठा बांधता बांधता मालकाचे हात थांबले. कुसुमताई हळूच म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुम्ही दर वेळी तीच तीन वाक्यं सांगायचात."

मुलगी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तर मग धारला चला ना, काका. बाबांना तुमच्याशी भांडायचंच आहे."

पुढच्या सुट्टीला मी तिच्याबरोबर गेलो. मास्तर पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. भांडण झाले, चहा झाला, आणि मग ती वाचायला बसली. एका लांबलचक सामासिक शब्दापाशी ती थबकली. त्याचे तुकडे करून पुन्हा जोडू लागली. जन्मभराच्या सवयीने मी तो शब्द पुरवायला तोंड उघडले, तोच मास्तरांनी हात वर केला.

"सांगू नका, सर. ती अडखळते ना, तेवढ्या वेळात मला ते दिसतं."

ती एकेक अक्षर चाचपत पुढे सरकत होती आणि मास्तरांच्या मिटल्या पापण्यांमागे काहीतरी हलत होते. मलाही थांबावे लागले. त्या तुटत तुटत चाललेल्या दीर्घ वाक्याच्या शेवटी काय येणार, हे मला आठवत नव्हते. आणि ते कळावे असे, कितीतरी दिवसांनी, मला वाटले.