चौसष्ट पुस्तकांचं वाण

आमच्या वाचनालयाचा महिला विभाग म्हणजे दोन कपाटं, एक सतरंजी आणि मी. वेळ दुपारी तीन ते पाच. पाच वाजता पुरुष मंडळी पेपर वाचायला यायची आणि त्यांना म्हणे बांगड्यांचा आवाज सहन होत नसे. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर दोन-चार वर्षांत गल्लीतल्या जाणत्यांनी हे वाचनालय उभं केलं, तेव्हापासून तिथं रोज उर्दू पेपर आधी कुणी घ्यायचा आणि मराठी कुणी, यावरून इतका आरडाओरडा व्हायचा की भिंतीवरची पाल पळून जाईल. तो चालायचा. बांगड्या तेवढ्या नकोत!

मी सोयगावची. लग्न होऊन शहरात आले तेव्हा वीस वर्षांची होते. आमचे हे वाळूजला कारखान्यात, दर आठवड्याला पाळी बदलणार, म्हणजे घरात कुणाचं तरी ताट कायम वाढलेलंच. त्या सगळ्या धबडग्यात दुपारचे ते दोन तास माझे होते, माझ्या एकटीचे. त्यासाठी मी पहाटे उठून दुपारपर्यंतचं सगळं उरकायचे आणि तीनच्या ठोक्याला पदर खोचून पळायचे. सासूबाई म्हणायच्या, ‘‘माहेरी निघाल्यासारखी पळती बघा.’’ खोटं नव्हतं ते.

माझ्याकडं आणखी एक काम होतं. दाराबाहेरचा फळा. त्यावर मी रोज खडूनं वाचनालयाच्या बातम्या लिहायचे. नवी पुस्तकं आली, अमुक दिवशी व्याख्यान, तमक्या दिवशी डोळे तपासणी. गल्लीतले लोकही त्यात आपली भर घालायचे. ‘‘बाई, माझी पांढरी शेळी हरवलीय, तेवढं लिहा की.’’ मी लिहायचे. शेळी सापडायची. एका व्याख्यानाला तर तिघंच आले होते, पण शेळी शोधायला सगळी गल्ली उतरली होती.

तर एका डिसेंबरात अध्यक्षांनी मला बोलावलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त वकील, काळा कोट गेला तरी उलटतपासणी गेली नव्हती.

‘‘महिला विभागात रोज किती येतात?’’

‘‘सात.’’

‘‘त्यातल्या वाचतात किती?’’

दोघी सतरंजीवर झोपायच्या, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

‘‘संख्या वाढली नाही तर फेब्रुवारीपासून ती खोली कॅरमला,’’ ते म्हणाले.

कॅरमला! माझे दोन तास, आणि तिथं पोरं टिचक्या मारणार! मी घरी आले ती भाकरी करपवली, दूध उतू घालवलं, आणि रात्री यांनी विचारलं काय झालं तर रडलेच. मग सकाळी डोक्यात एकदम दिवा लागला. संक्रांत जवळ आली होती. शहरातल्या बायका व्याख्यानाला येत नाहीत, पण हळदीकुंकवाला बोलावलं तर तापात अंथरुणातून उठून येतील. वाचनालयात हळदीकुंकू करायचं! आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात एक पुस्तक. आठ दिवसांनी ती पुस्तक परत करायला येणार, दुसरं नेणार, झाली सभासद. काय डोकं चालवलं होतं मी! स्वतःवर इतकी खूश झाले की फळ्यावर चार बोटं जाड अक्षरात लिहिलं: ‘वाचनालयात हळदीकुंकू. प्रत्येकीस पुस्तकाचे वाण.’ आणि खाली खडूनं दोन पतंगही काढले.

अगं बाई, काय गर्दी! पायऱ्यांवर चपला, चपलांवर चपला. सतरंजी पुरेना तेव्हा बाहेर ओट्यावर कॅरम खेळणाऱ्या पोरांचं पोतं अंथरलं. तिळगुळाची ताटली फिरली, कुंकवाची फिरली, आणि मग मी कपाटं उघडून पुस्तकं वाटायला लागले. पहिल्या वीसेक जणींची नावं वहीत लिहिली, पुढं हात चालेना म्हणून सोडून दिलं. हातात येईल ते देत सुटले. एकीला पाककृती, एकीला थोरामोठ्यांची चरित्रं, एकीला कुक्कुटपालन. एकीला कादंबरीचा दुसरा भाग गेला तर ती म्हणाली, ‘‘हे अर्धंच वाण झालं की!’’ सगळ्या हसल्या. मीही हसले. पाच वाजता दोन्ही कपाटं रिकामी झाली आणि मी मोकळ्या फळ्यांकडं बघून टाळ्या वाजवल्या. होय, वाजवल्या. वेडीच होते.

आमचा शिपाई तेवढा हसला नाही. म्हातारा, निजामाच्या काळापासून कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत नोकरी केलेला. त्यानं कपाटात डोकावून बघितलं आणि म्हणाला, ‘‘बाईसाब, किताबां तो सब उड गये. अब वापस आते क्या?’’

‘‘येतील की,’’ मी म्हणाले.

आठ दिवस झाले. एक पुस्तक आलं नाही. दहा झाले. नाही. मी एकीला रस्त्यातच गाठलं. ‘‘पुस्तक झालं का वाचून?’’

‘‘वाचायचं कशाला? सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवलंय.’’

‘‘परत कधी आणताय?’’

ती अशी बघायला लागली जणू मी तिचं मंगळसूत्र मागितलंय. ‘‘वाण परत करतात होय कुणी? सौभाग्याचं लेणं ते! तुम्हीच दिलं, तुम्हीच फळ्यावर लिहिलं, आणि आता मागता?’’

तिथं भर रस्त्यात माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी स्वतः सवाष्ण, जन्मभर वाणं घेतलेली, घरात एक फडताळ भरून साबणाच्या डब्या आणि चहाच्या गाळण्या असलेली, आणि मला हे सुचलं नव्हतं! हळदीकुंकवाला दिलेली वस्तू वाचनालय असलं म्हणून काय परत येणार आहे? चौसष्ट पुस्तकं मी माझ्या हातानं देवाला वाहून टाकली होती.

अध्यक्षांना कळलं. ते ओरडले नाहीत, ते फार वाईट होतं. रथसप्तमीनंतरच्या सोमवारी पुस्तकांची पडताळणी होती. ‘‘चौसष्टच्या चौसष्ट पुस्तकं टेबलावर दिसली पाहिजेत. त्रेसष्ट असली तर खोलीची किल्ली माझ्याकडं द्यायची, आणि तुम्ही दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही.’’

घरी येऊन मी सासूबाईंच्या पुढ्यात बसले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं बोलणी खाईन. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग त्या इतक्या हसल्या की ताट कलंडलं. ‘‘देव्हाऱ्यात कोंबड्यांचं पुस्तक!’’

‘‘हसू नका हो.’’

‘‘अगं, वाण परत करायचं नसतं. पण दुसरीला द्यायला कुणी बंदी केलीय? हे आपलं फडताळ कसं रिकामं होतं दरवर्षी, सांग बघू? मागल्या वर्षीची गाळणी तुझ्या मावशीच्या घरी आहे, आणि तिच्याकडं ती माझ्याच जावेकडून गेलीय. त्यांना म्हणावं, रथसप्तमीपर्यंत तुमच्या घरी हळदीकुंकू करा, मला बोलवा, आणि वाण म्हणून तेच पुस्तक द्या. देणारीलाही पुण्य, घेणारीलाही!’’

त्या क्षणी मी त्यांचे पाय धरले. मनापासून, लग्नातसुद्धा इतके मनापासून धरले नव्हते.

मग सुरू झाली ती पळापळ! आठ दिवस. रोज सात-आठ घरं. शिपाई सायकलवर पोतं घेऊन बाहेर थांबायचा आणि मी आत. बसा, हळदीकुंकू लावून घ्या, तिळगूळ घ्या गोड बोला, मग पुस्तक. कपाळावर कुंकवाचे इतके थर चढले की संध्याकाळी यांनी दार उघडलं आणि दोन पावलं मागंच सरकले. तिळगुळानं दाढ ठणकायला लागली. आणि प्रत्येक घरी हट्ट, नाव घ्या, नाव घेतल्याशिवाय वाण नाही! पहिल्या दिवशी लाजत घेतलं, दुसऱ्या दिवशी नेहमीचे उखाणे संपले, तिसऱ्या दिवसापासून जिन्यातच रचायला लागले:

‘‘पुस्तकाला घातलं कागदी कव्हर,
...रावांचं नाव घेते, द्या पुस्तक लवकर!’’

हा फार चालला. पुढच्या घरी मी पोचायच्या आधीच पोचलेला असायचा. एका गल्लीतल्या बायकांनी तर एकत्रच हळदीकुंकू केलं आणि एका दमात माझ्या ओटीत अकरा पुस्तकं घातली. मला उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उभं केलं आणि बाहेरून शिपाई ओरडला, ‘‘बाईसाब, संभालके, किताबां गिरायेंगे तुम!’’

कुक्कुटपालनाचं पुस्तक चितेगावला गेलं होतं. ती बाई संक्रांतीला माहेरी आली होती, गेली परत. मी एस.टी.नं पैठण रस्त्यानं चितेगाव गाठलं. ती अंगणातच भेटली आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, ‘‘अगं बया! मी काल शेजारणीला वाण दिलं ते.’’ शेजारणीनं तिच्या नणंदेला दिलं होतं. नणंदेनं गिरणीवाल्याच्या बायकोला. चौथ्या घरी ते सापडलं, आणि ती बाई पायरीवर बसून ते खरंच वाचत होती. ‘‘थांबा, पिल्लांच्या रोगाचं तेवढं सरू द्या,’’ म्हणाली. मी थांबले. तिनं कुंकू लावलं, नाव घ्यायला लावलं, पुस्तक दिलं. शेवटची एस.टी. गाठताना माझी एक चप्पल तुटली ती मी तिथंच टाकली.

रथसप्तमी झाली. रविवारी मोजली तर त्रेसष्ट. तीन वेळा मोजली. शिपायानं मोजली. त्रेसष्टच. एका दर्यावर्दी माणसाचं प्रवासवर्णन नव्हतं, आणि ते मी कुणाला दिलं, काही केल्या आठवेना. वहीत नाव नाही. सगळी घरं झालेली. मी त्या रात्री जेवले नाही.

सोमवारी दुपारी अध्यक्ष टेबलाशी बसले. एकेक पुस्तक उचलून रजिस्टरवर खूण करत गेले. मुखपृष्ठांवर हळदीचे डाग, एका चरित्रनायकाच्या कपाळाला ठसठशीत कुंकू. अध्यक्षांच्या मिशा हलल्या, पण त्यांनी हसू आवरलं. शेवटी पेन खाली ठेवलं.

‘‘एक कमी.’’

‘‘हो.’’

त्यांनी हात पुढं केला. मी कमरेची किल्ली काढून त्यांच्यापुढं ठेवली. एका पुस्तकासाठी! त्रेसष्ट पुस्तकांसाठी घरोघर नाव घेऊन आलेली मी, एका पुस्तकासाठी!

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. आमच्या गल्लीत दूध घालायला यायची ती बाई. शहराबाहेर त्यांची वस्ती, मेंढरं, दोन म्हशी. डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिनं पदराखालून फडक्यात बांधलेलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. दर्यावर्दी.

‘‘मेंढरं घेऊन लांब गेलते, म्हनून उशीर झाला. चौथीपतुर शिकल्यालं, अक्षर लावत लावत वाचलं.’’

मी पुस्तक उचलून छातीशीच धरलं. वर हळद नव्हती, कुंकू नव्हतं. कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. ‘‘अहो, पण वाण होतं ना हे? बाकीच्या कुणी परत आणलं नाही, मी घरोघर फिरले!’’

‘‘मला कुटलं वान, बाई?’’ ती साधंच बोलली, भाजीचा भाव सांगावा तसं. ‘‘माजं कपाळ पांढरं. मला कोन वान देतंय? दूध घालून दारात उभी व्हते, तुमी हातात दिलं. वाचाया दिलं असंल म्हनून नेलं. वाचलं. आनलं.’’

मग मला आठवलं. कुंकवाची वाटी घेऊन मी दारापर्यंत गेले होते. ती वाटी तिच्यासमोरून पुढं गेली होती, माझ्याच हातून, विचारसुद्धा न करता. पुस्तकं वाटताना गडबडीत हात थांबला नाही, एवढंच. त्रेसष्ट बायकांना मला जे समजावायचं होतं ते हिला एकटीला समजलं होतं, आणि ते का, तर आम्ही तिला सवाष्णींत धरलं नव्हतं म्हणून. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, आणि दोन्ही थांबेनात.

‘‘सभासद आहेत का या?’’ अध्यक्षांनी विचारलं.

‘‘आहेत!’’ मी जवळजवळ किंचाळले आणि वही ओढून तिचं नाव लिहिलं. अध्यक्षांनी रजिस्टरवर शेवटची खूण केली, किल्ली माझ्याकडं सरकवली आणि पेपरांच्या खोलीत निघून गेले.

ती अजून तिथंच उभी होती, टेबलावरच्या पुस्तकांकडं मान लांबवून बघत.

‘‘मग दुसरं द्या की,’’ ती म्हणाली. ‘‘जाड असंल तर बगा. पातळ लई लवकर सरतंय.’’