भाऊच्या बनियनची काळी पाठ

भाऊची माझी शेवटची भेट बंद दाराशीच झाली. मी सौंसरहून माहेरी पांढुर्ण्याला आले होते आणि माझा सख्खा मोठा भाऊ भर दुपारी मोटारीच्या शेडमध्ये आतून कडी लावून बसला होता. "चहा घे बाई, मी येऊनच राह्यलो," एवढंच ओरडला. आला तो घामाघूम, नजर चुकवत. पुढच्याच महिन्यात तो गेल्याचा फोन आला...

भाऊ संत्र्याचा दलाल. ढिगाची वरची फळं तो बघायचाच नाही, थेट तळाशी हात घालायचा. "वरचा थर सगळ्यायचाच गोड असते," म्हणायचा. माणसांनाही हाच न्याय. आमच्या वडिलांची अँबॅसिडर कैक वर्षं बंद पडून होती. गिऱ्हाइकं यायची, बॉनेटवर हात फिरवून गोड बोलायची, की भाऊ त्यांना वाटेला लावायचा. बोरगावचा एक जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा चालू करणारा मात्र आल्या आल्या गाडीखाली शिरला. "काका, खालून गंजून राह्यली. असीच ठेवली तं भंगारातच जाईन," म्हणाला. भाऊने त्यालाही हाकललं. "भाव पाडून राह्यला लेकाचा!"

त्यानंतरच ती कडी सुरू झाली. वहिनी म्हणाली, "ताई, रोज दुपारी दार लावून घेते हे. बनियनची पाठ काळीकुट्ट! काय करून राह्यले, देवाले ठाऊक." मीही भाऊचीच बहीण. मला वाटलं, हा गुपचूप एकेक पुर्जा काढून विकतोय. त्याच गाडीतून मी सासरी गेले होते. गाडी कोणालाही दे, पण तिचं भंगार होऊ देऊ नको, एवढंच मी त्याच्याकडे मागितलं होतं. त्या संशयाने माझी झोप उडाली होती.

तेराव्यानंतर वहिनीला मुलीकडे नागपूरला जायचं होतं, म्हणून गाडी विकायला काढली. बोरगावचा तो परत आला. मी टॉर्च धरून त्याच्या डोक्याशी उभी राहिले, न जाणो काही काढून खिशात घालायचा. तो खाली शिरला आणि तळावरून बोट फिरवू लागला.

"काकू, मी दाखवला होता तो गंज कोणंतरी घासून काढला. पुन्हा गंजू नये म्हणून वरून लाल रंग मारला. हात थरथरत असन... सारा टायरावर सांडला हाये."

वहिनीने वाकून टायरावरचा लाल रंग पाहिला. "त्यायले तं वाकताबी येत नव्हतं," म्हणाली आणि रडू लागली. भाऊने उभ्या जन्मात एकाच गिऱ्हाइकावर विश्वास ठेवला, तोही त्याला हाकलून दिल्यावर.

गाडी त्यालाच दिली. ट्रकवर चढून ती बोरगावला गेली. शेडमध्ये उरलं ते एक पोतं, भाऊ गाडीखाली अंथरून पडायचा ते. त्यावर त्याच्या पाठीएवढा ग्रीसचा डाग आहे. वहिनी ते फेकायला निघाली होती. मी तिच्या हातातून घेतलं आणि भाऊच्याच सवयीने उलटून पाहिलं. खालूनही तेवढंच काळं होतं.