मधल्या सीटखालचा आवाज

“आवाज मला येत न्हाई, सायब. आमच्या मंडळीला येतो.”

काउंटरवर किल्ली ठेवत बबनराव म्हणाले. रिहे गावचे भातशेती करणारे गृहस्थ, वय पासष्टच्या पुढे. गाडी दहा वर्षं जुनी डिझेल जीप. शनिवारची सकाळ होती. गाडी आतून-बाहेरून धुतलेली होती.

हिंजवडीहून कासारसाईकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये मी सर्व्हिस ॲडव्हायजर आहे. ग्राहकाची तक्रार मेकॅनिकला कळेल अशी लिहायची आणि मेकॅनिकचं निदान ग्राहकाला कळेल असं सांगायचं, हे माझं काम.

“कसला आवाज?”

“मागनं. खट् करून. ती मधल्या सीटवर आडवी असती. म्हंती, खट् झालं की पाठीत कळ जाती.”

त्यांच्या पत्नीला, सुलाबाईंना, मणक्याचा कॅन्सर होता. कळ कमी व्हावी म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवस मशिनचा शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितला होता. सोमवार ते शुक्रवार, रोज रिहे ते पुणे आणि परत. पाच झाले होते.

“काका, चालवताना तुम्हाला कधीच नाही आला?”

“चाळीस वर्सं ट्रॅक्टर चालवलाय. कानाचा डायनामो कवाच गेला.”

या जीपचं इंजिन पुढे असतं आणि गाडी ढकलणारी चाकं मागे. दोन्हींना जोडणारा लांब फिरता दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. तो दोन तुकड्यांचा असतो. तुकडे जुळतात तिथे सेंटर बेअरिंग नावाचा आधार असतो. तो जाड रबरात बसवून चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टांगलेला असतो. शाफ्टच्या टोकांना क्रॉस म्हणजे वळते सांधे. गाडी जागेवरून निघताना मागून खट् वाजलं, की पहिला संशय क्रॉसवर जातो.

आमचे सीनियर मेकॅनिक रफिकभाई. त्यांनी गाडी घोटवड्याच्या बाजूला सहा किलोमीटर नेली. स्पीड ब्रेकर घेतले, चढावर क्लच सोडून पाहिला. आवाज आला नाही. मग गाडी लिफ्टवर घेतली. क्रॉस हलवून पाहिले, घट्ट होते. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं ऑइल स्वच्छ होतं. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळलेले होते.

मी गाडीच्या जॉब कार्डवर लिहिलं : ट्रायल घेतली. आवाज नाही.

पुढच्या शनिवारी बबनराव पुन्हा आले. गाडी पुन्हा धुतलेली. आता दहा शेक झाले होते.

“अजून म्हंती, वाजतंय.”

रफिकभाईंनी पुन्हा ट्रायल घेतली. या वेळी मी शेजारी बसलो. आम्हाला दोघांनाही काही ऐकू आलं नाही. गाडी पुन्हा लिफ्टवर गेली, पुन्हा खाली आली. मी कार्डवर तेच शब्द लिहिले.

“मंजी हिलाच भास हुतोय?” त्यांनी विचारलं.

“गाडीत काही नाही, काका.”

“बरं.” त्यांनी कार्डाची घडी करून खिशात घातली.

सोमवारी दुपारी हॉस्पिटलहून परतताना ते हवा भरायला थांबले. मागची चाकं दबलेली दिसत होती. मी गेज घेऊन मागे गेलो. मागच्या भागात भाताची चार भरलेली पोती रचली होती.

“काका, ही पोती कुठे नेताय?”

“कुटं न्हाई. रोज असत्यात. रिकामी जीप लई उडती. वजन आसलं की मऊ चालती. हिला धक्का लागू नये म्हनून घातल्यात.”

“आमच्याकडे आणली तेव्हा नव्हती.”

“गॅरेजला द्यायची म्हनून काढली की. भरलेली, घाण गाडी कुनी देतं का मेकॅनिकला?”

मधल्या सीटवर गादी टाकून सुलाबाई पडल्या होत्या. डोळे मिटलेले, पदर तोंडाशी धरलेला. मी रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी परवानगी मागितली, गाडीत बसले आणि सावकाश क्लच सोडला. सीटच्या खालून खट् वाजलं. उघड्या दाराशी उभा असूनही मला ते स्पष्ट ऐकू आलं.

सुलाबाईंनी डोळे उघडले. “ह्योच.”

रफिकभाईंनी लगेच इंजिन बंद केलं. “मावशी, पहिल्या ट्रायलनंतरही रोज वाजत होतं?”

“व्हय. पर परवा ह्यांनी पुन्यांदा कागद दाखवला, आवाज न्हाई म्हनून. मग मी बोलायचं सोडलं. म्हनलं, आपल्यालाच सोसंना झालंय.”

निदान सोपं होतं. सेंटर बेअरिंगचं रबर वरच्या बाजूने फाटलं होतं. आमची लिफ्ट गाडीला चासीखालून उचलते, त्यामुळे मागची चाकं खाली लोंबतात आणि शाफ्टचा कोन बदलतो. त्या कोनात फट मिटत होती, आणि रिकामी गाडी रस्त्यावर चालवतानाही ती उघडत नव्हती. मागे वजन पडलं की कोन उलट होई, फट उघडे, आणि क्लच सोडताच शाफ्ट उसळून ब्रॅकेटवर आदळे. सुलाबाईंची पाठ बरोबर त्याच्या वर येत होती. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच किती वेळा सोडावा लागतो, हे त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको.

रफिकभाई फरशीवर आडवे होऊन, चाकं जमिनीवर आणि पोती आत असताना, टॉर्चने ती फट पाहून आले. हात पुसत बबनरावांना म्हणाले, “काका, गलती हमारी है. मौसी सही बोल रही थी.”

पार्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला. रिकामी जीप उडते म्हणून बाराव्या शेकालाही पोती आतच होती. परतल्यावर बबनरावांनी सुलाबाईंना घरी सोडलं आणि पोत्यांसकट जीप आणली. बेअरिंग संध्याकाळी बसलं. ट्रायलला बबनराव स्वतः मधल्या सीटवर आडवे झाले. कानाने ऐकू येणार नाही म्हणून तळहात सीटखाली पत्र्याला लावून ठेवला. पाच किलोमीटर ते तसेच पडून होते.

शुक्रवारी, पंधरावा शेक घेऊन परतताना, गाडी गॅरेजसमोर थांबली. सुलाबाईंनी बोलावलंय, असं बबनराव म्हणाले. मी दाराशी गेलो.

“तीन दिस झालं, वाजत न्हाई,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. “मंजी आदी वाजत हुतं, न्हवं का?”

“वाजत होतं, मावशी. आम्हाला सापडलं नव्हतं.”

“मग ह्यास्नी येकदा सांगा. माज्यासमोर सांगा.”

मी सांगितलं, बबनरावांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. त्यांनी मान हलवली. मग ते गाडीच्या पलीकडे गेले आणि टायर बघत उभे राहिले.

सुलाबाई अडीच महिन्यांनी गेल्या. आजाराने गेल्या, बेअरिंगचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण पहिल्या शनिवारनंतर बेअरिंग बदलेपर्यंत त्या सात वेळा पुण्याला जाऊन आल्या, आणि त्यातले शेवटचे दोन दिवस तोंडात पदर धरून. तो हिशेब आमच्याकडे लागतो.

आता गाडी धुऊन, रिकामी करून आणू नका, असं आम्ही फोनवरच सांगतो. आवाज कोणाला येतो आणि तेव्हा गाडीत काय-काय असतं, हे विचारल्याशिवाय कार्ड भरत नाही. ज्याला ऐकू येतो त्याला ट्रायलला बरोबर घेतो. येता येत नसेल, तर आम्ही त्याच्या घरी जातो. एवढं करूनही काही मिळालं नाही, तर कार्डवर ‘आवाज सापडला नाही’ असं लिहितो. ‘आवाज नाही’ असं लिहीत नाही.